सचिवपदाची वस्त्रं

भोर आणि वेल्हे हे तालुके शेजारी असले तरी दोघांची मिरवायची ठिकाणं वेगळी. भोरकर पाहुण्याला आधी राजवाड्यात नेतो, वेल्हेकर तोरण्याकडे बोट करतो. या दोन्ही ठिकाणांचा इतिहास एका माणसापाशी येऊन मिळतो, तो म्हणजे शंकराजी नारायण गांडेकर. कारकुनीतून वर आलेल्या या माणसाने औरंगजेबाच्या फौजांच्या ताब्यात गेलेले मावळातले गड परत मिळवले. राजाराम महाराजांनी त्यांना सचिवपद दिलं आणि त्या पदातून भोर संस्थान उभं राहिलं. संस्थानचा इतिहास १६९७ हे साल आरंभाचं धरतो, आणि विलीनीकरण झालं ८ मार्च १९४८ रोजी. म्हणजे अडीचशे वर्षं.

लढाईत नाव काढलेल्या माणसाला सत्तेचं पद द्यावं का, दिलं तर किती काळ, आणि त्याच्या पश्चात काय, हा वाद आमच्या घरात शंकराजींच्या निमित्ताने नेहमी होतो. आई भोरच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली. मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, वेल्ह्याचा. भातशेती सांभाळून तो तोरणा-राजगडावर येणाऱ्यांना वाट दाखवतो. दोघांचंही या मुलखावर जिवापाड प्रेम आहे, म्हणूनच कुणी मागे हटत नाही.

या खेपेला सुरुवात तालुक्याच्या नावावरून झाली. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, त्याचा दादाला केवढा आनंद.

आई म्हणाली, "आनंदाची गोष्ट आहेच. पण राजगड तालुका काही नवा नाही रे. भोर संस्थानचे पाच तालुके होते. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. पाचातल्या चारांना गडांची नावं. तुझा तोरणा म्हणजेच प्रचंडगड. पंतसचिवांची सगळी पुण्याई गडांवरची होती, ती त्यांनी दप्तरातही ठेवली."

"पुण्याई कुणाची, आत्या? गड चढले कोण आणि नाव कुणाचं लागलं?"

"सांगते. आधी १६८९ साल डोळ्यांसमोर आण. मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या. त्याच वर्षी राजगड गेला. नोव्हेंबरात रायगड पडला, महाराणी येसूबाई आणि लहानगे शाहूराजे मोगलांच्या कैदेत. राजाराम महाराज जिंजीला, शेकडो कोस दूर. इथे मागे कोण? वरती रामचंद्रपंत अमात्य हुकुमतपन्हा म्हणून, आणि त्यांच्या हाताखाली वाई-मावळाच्या बाजूला हे शंकराजी. खजिना रिकामा. देशमुख कुंपणावर बसलेले. अशा वेळी १६९२ च्या सुमारास राजगड पुन्हा आपल्याकडे येतो, वाई परत येते, १६९३ च्या पावसाळ्यात सिंहगड येतो. हे आपोआप झालं?"

"आपोआप नाहीच झालं. सिंहगड नावजी बलकवड्यांनी घेतला."

"पाठवलं कुणी?"

"पाठवणारा गडाखाली असतो, आत्या." दादाचा आवाज चढला. "तू पावसाळ्यात तोरण्यावर बिनी दरवाज्याच्या अलीकडे ये. कातळावर शेवाळ, अंगावर ढग, पुढचा माणूस दिसत नाही. आता तिथे रेलिंग आहे, तरी धडधाकट पोरं दोन्ही हातांनी रेलिंग कवटाळून बसकण मारतात आणि मला म्हणतात, दादा, इथूनच परत जाऊ. बलकवड्यांची माणसं तसल्याच ऐन पावसात, कड्याला शिड्या लावून चढली. वरून एक धोंडा सुटला असता तर सगळी रांग खाली. त्यांना काय मिळालं? इनाम. आणि पंतांना संस्थान."

हा त्याचा मुद्दा मला नेहमी भिडतो. गडाच्या लढाईत मरणाच्या तोंडी असतो तो पहिल्या शिडीवरचा माणूस. बखरीत त्याचं नाव क्वचित येतं. बलकवड्यांचं आलं, त्यांच्या मागे चढलेल्यांचं आलं नाही.

आईने ते नाकारलं नाही. "शिडीवरच्या माणसाचं ऋण फिटत नाही, खरं आहे. पण तू गडावर रोज जातोस. मला सांग, गड घेतल्यावर दुसऱ्या दिवशी काय लागतं?"

"दाणागोटा."

"किती माणसांना, किती दिवसांचा? शिबंदीचा पगार कोण देणार? दारू आणि शिसं कुठून आणायचं? टाक्यातला गाळ कोण काढणार, पडलेला तट बांधायला चुन्याच्या घाण्या कोण चालवणार? कोणत्या खोऱ्यातला देशमुख कालपर्यंत मोगलांकडे होता आणि आज किती माणसं देईल, हे कुणाला ठाऊक? ज्याने हयात दप्तरात घालवली त्याला. मोकळ्या मैदानात मोगलांची फौज मारायला संताजी आणि धनाजी होतेच. मावळाला हवा होता तो घेतलेला गड राखणारा माणूस. कारकून होता म्हणून तो सेनानायक झाला, असं मी मुलांना शिकवायची. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतही पंडितराव आणि न्यायाधीश सोडले तर बाकीच्यांना मोहिमेवर जावंच लागे. लेखणी आणि तलवार यांत तेव्हा आजच्याइतकी भिंत नव्हती."

"महाराजांचं नाव घेतलंस ते बरं केलंस," दादा म्हणाला. तो या वळणाची वाटच पाहत असावा. "महाराज प्रधानांना काय देत? रोख. पेशव्याला वर्षाला पंधरा हजार होन, अमात्याला बारा हजार. मुलूख तोडून देत नसत आणि बापाचं पद पोराला असा हक्कही नव्हता. हे मला तूच आठवीत शिकवलंस. मग राजाराम महाराजांच्या काळात काय झालं? जो जिंकेल त्याला सरंजाम. पंतांना सचिवपद मिळालं, मुलूख मिळाला, आणि तो घराण्यात मुरला. तिथेच माती खाल्ली आपण."

"माती खाल्ली म्हणणं सोपं आहे. रोख द्यायला रोकड लागते. औरंगजेब काय करत होता बघ. तो आपल्या देशमुखांना वतनाची आमिषं दाखवत होता. कारीचे जेधे म्हणजे कान्होजींचं घराणं, शिवाजी महाराजांच्या पहिल्या दिवसांतले सोबती. त्या घराण्यातल्या बाजी सर्जेरावांनाही जिंजीहून पत्रं लिहून धरून ठेवावं लागलं. जेध्यांची ही गत, तर बाकीच्यांचं काय? समोरचा वतन देतोय आणि आपण नुसतं स्वराज्याचं नाव घेतोय, असं किती वर्षं चाललं असतं? राजाराम महाराजांनी सांगितलं, लढा, मुलूख सोडवा, तुम्हाला त्यातला वाटा. या बोलीवर माणसं उठली आणि औरंगजेबाची हयात इथे खर्ची पडली."

इथे मला आईचं म्हणणं मान्य करावं लागतं. पोटाला भाकरी आणि घरच्यांच्या मागे काही आधार, इतकंही न देता माणसांना अठरा वर्षं लढायला लावता येत नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांविषयी जो कडक इशारा देऊन ठेवला, तो वतनं वाटण्याची वेळ स्वतः पाहिलेल्या माणसाचा इशारा आहे. म्हणून तो मला पुस्तकी वाटत नाही.

दादाने मग परदेशातलं उदाहरण काढलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन. डिसेंबर १७८३ मध्ये त्याने सेनापतिपदाची सनद काँग्रेसला परत केली आणि घरी शेतीवर गेला. १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला तो निवडला गेला म्हणून, आणि १७९७ मध्ये पायउतार होऊन पुन्हा शेतीवर. "युद्ध जिंकल्यावर तलवार परत करायची. पुढे लोकांनी बोलावलं तर यायचं, मुदत संपली की जायचं. असं हवं."

"परत करायला समोर कुणी असावं लागतं," आई म्हणाली. "वॉशिंग्टनपुढे काँग्रेस होती, युद्ध संपलेलं होतं, इंग्रज जहाजात बसून निघाले होते. शंकराजींचं युद्ध त्यांचं बहुतेक सगळं आयुष्य खाऊन बसलं. १६९८ मध्ये जिंजी पडली. १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. मग बादशहा स्वतः आला. १७०३ मध्ये सिंहगड, १७०४ मध्ये राजगड आणि तोरणा, पुन्हा सगळं हातचं गेलं. अशा माणसाने तलवार परत करायची ती कुणाकडे आणि कधी? तुला सेनापतीचा राज्यकर्ता झालेला हवा असेल तर वेलिंग्टन घे. १८०३ मध्ये असईला आपल्या फौजा मोडल्या आणि १८२८ मध्ये विलायतेचा पंतप्रधान. त्याला तरी कुठे ड्यूक हा किताब मिळून घराण्यात राहिला नाही? आजही आहे."

"किताब राहिला, पंतप्रधानपद राहिलं नाही. फरक आहे तो तिथेच."

यावर आईला पटकन उत्तर सापडलं नाही. ती १७०४ च्या हकिकतीकडे वळली, आणि ती ऐकायला मला फार आवडते म्हणून मीही अडवलं नाही. डिसेंबर १७०३ मध्ये बादशाही फौज राजगडाला भिडली. रस्ता असा की तोफा आणि बैल घाटात अडकायचे. पद्मावती माचीच्या बाजूने मोर्चे लागले. फिरंगोजी आणि हमनाजी या किल्लेदारांनी फेब्रुवारीपर्यंत गड झुंजवला. राजगड पडल्यावर त्याचं नाव ठेवलं नबीशहागड. मार्चमध्ये तोरण्यावर रात्री दोराच्या शिड्यांवरून मोगल माणसं चढली आणि कापाकापी करून गड घेतला. साताऱ्यापासून पन्हाळा, विशाळगड, सिंहगडापर्यंत बादशहाचे बहुतेक गड वेढा, वाटाघाटी आणि पैसा यांनी आले होते. तोरणा मात्र लढून घ्यावा लागला. त्याचं नाव फुतुहुल्गैब.

"ती नावं तीन-चार वर्षं टिकली," दादा अभिमानाने म्हणाला. "बादशहा १७०७ मध्ये नगरला मेला आणि मे महिन्यात गुणाजी सावंतांनी राजगड घेतला. तोरणा पुढच्या वर्षी सरनोबत नागोजी कोकाट्यांनी. मी वर नेलेल्या प्रत्येकाला ही दोन नावं पाठ करायला लावतो."

"आणि शंकराजींचं?"

"सांगतो की. तेही सांगतो. माझा राग त्यांच्यावर नाही, आत्या. पद घराण्यात गेलं त्यावर आहे."

एवढं बोलून झाल्यावर वाद खरा अवघड ठिकाणी आला. १७०७ मध्ये शाहूराजे मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले. राजाराम महाराजांच्या राणी ताराबाईंनी आपल्या मुलासाठी गादी राखायची म्हणून प्रधान आणि सरदारांना दूधभातावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, असं बखरी सांगतात. शंकराजींनी शब्द दिला होता. ऑक्टोबरात खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि पारडं फिरलं. शाहूराजे या मुलखाच्या वेशीवर आले, शंकराजींना बोलावणं गेलं. जावं तर शपथ मोडते. न जावं तर संभाजीराजांच्या मुलाविरुद्ध तलवार उपसावी लागते. शंकराजींनी जीव दिला. हिरकणी गिळली असं एक परंपरा सांगते, दुसरी जलसमाधी सांगते. अंबवड्याला नागेश्वराच्या परिसरात त्यांची समाधी आहे. कान्होजी जेध्यांची आणि जिवा महालांचीही तिथेच.

"शब्दाला एवढा जागणारा माणूस राज्यकारभारात किती सापडतो?" आई म्हणाली. "धनाजी गेले, कितीएक गेले. कुणी म्हणालं खरा वारस हाच, कुणी म्हणालं जिकडे जय तिकडे आम्ही. शंकराजींनी दोन्ही पळवाटा नाकारल्या. दोघांपैकी कुणावरही शस्त्र धरलं नाही आणि दिलेला शब्दही मोडला नाही. मला याहून मोठं काही माहीत नाही."

दादा बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला, "माणूस म्हणून मोठे, मी हात जोडतो. पण ते नुसते माणूस नव्हते, सचिव होते. सगळ्या मावळातले गड त्यांच्या शब्दावर होते. त्या दिवशी राजगडाच्या शिबंदीने काय करायचं? दार शाहूराजांना उघडायचं की ताराबाईंना? रणांगणात शब्द धन्याला दिलेला असतो आणि तेवढ्यावर भागतं. राज्याच्या पदावर बसलेल्या माणसाने रयतेलाही शब्द दिलेला असतो. तो शब्द त्यांच्याबरोबर गेला."

माझं मत मी इथे सांगून टाकतो. दादाचं म्हणणं कठोर आहे, पण मला ते बरोबर वाटतं. सेनानायकाला सत्तेवर बसवताना आपण त्याचं धैर्य आणि निष्ठा पाहतो, आणि हे दोन्ही गुण शंकराजींमध्ये ओतप्रोत होते. पण सत्तेच्या जागेवर निष्ठा कुणाशी, हा प्रश्न रोज नव्याने उभा राहतो आणि त्याचं उत्तर एका व्यक्तीच्या नावाने देऊन भागत नाही. शंकराजींना ते उत्तर शोधायची उसंतच मिळाली नाही. तेव्हाच्या राज्यात तशी सोयही नव्हती. गादी कुणाची हे ठरवायला लढाईखेरीज दुसरा दरबार नव्हता. म्हणून त्यांच्या मरणाचा दोष मी त्यांच्या माथी मारू शकत नाही. त्या मरणाने राज्याचा पेच सुटला असंही म्हणू शकत नाही.

त्यानंतर शाहूराजांनी जे केलं त्यावर आई आणि दादा कायम दोन टोकांना. शाहूराजांनी सूड घेतला नाही. शंकराजींच्या घरच्यांचं सांत्वन केलं आणि सचिवपदाची वस्त्रं त्यांच्या मुलाला, नारो शंकरला दिली. मुलगा जेमतेम दोन वर्षांचा.

"शाहूराजांचं मोठेपण यात आहे," आई म्हणाली. "एका निर्णयात मावळ शांत झालं. विरोधकाच्या पोराच्या अंगावर वस्त्रं घातली, त्यामुळे त्या पोराच्या नावाने लढायला उभं राहणारे हजार लोक आपसूक शाहूंचे झाले. नाहीतर एकेका गडासाठी आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांना कापलं असतं."

"आणि दोन वर्षांचं पोर सरकारी पत्रं तपासणार? परगण्यांचे हिशेब बघणार? सचिवाचं काम ते. त्या दिवसापासून पद म्हणजे काम उरलंच नाही, उत्पन्न उरलं. पुढे चौथाईच्या वसुलीतून शेकडा सहाचा सहोत्रा सचिवांच्या नावाने बांधून दिला. गड चढण्याबद्दल नव्हे, हिशेब ठेवण्याबद्दल नव्हे, जन्माबद्दल. त्याचे भोग लगेच दिसले. १७१८ च्या सुमारास दमाजी थोराताने याच नारो शंकरला कैद केलं. बाळाजी विश्वनाथांनी सोडवून आणलं आणि त्या उपकारापोटी पुरंदर पेशव्यांकडे गेला. पुरंदर, आत्या! मुरारबाजी पडले तो पुरंदर."

"पुरंदर दिला तो नारो शंकरच्या आईने. येसूबाईंनी." आईने त्याला थांबवलं. "नवऱ्याने जीव दिलेला, पदरात तान्हं मूल, आजूबाजूला थोरातांसारखी माणसं. त्या बाईने दहा-अकरा वर्षं घराणं आणि मुलूख राखला. एक गड देऊन मुलगा आणि बाकीचे गड वाचवले. तू यात घराणेशाही बघतोस, मला कारभार दिसतो. शिक्का मुलाचा होता, पण निर्णय घ्यायला बाई बसली होती."

"मग वस्त्रं तिलाच द्यायची होती."

"द्यायलाच हवी होती," आई लगेच म्हणाली. "हे तुझं मला पटलं. जो राखतो त्याचं पद. शंकराजींना मिळालं ते याच हिशेबाने."

"माझाही हिशेब तोच आहे की. कामाचं म्हणून द्या, बापाचं म्हणून नको."

"पण १७०७ मध्ये सचिवपद एका बाईला दिलं असतं तर किती देशमुखांनी मुजरा केला असता?"

"ताराबाईंना करतच होते की, आत्या. सात वर्षं औरंगजेबाशी लढल्या त्या."

आईने कपाटातून संस्थानच्या पाच तालुक्यांचा जुना नकाशा काढला आणि दादापुढे पसरला. येसूबाईंच्या हाती तेव्हा नेमके कोणते गड उरले होते ते एकेक करून दाखव, असं तिने त्याला बजावलं. पुढचा तासभर दोघं सुधागडावर अडकले होते.